टू-डीचा कोनाडा

रोह्याच्या आमच्या महाविद्यालयात विज्ञान दालन उभारायचे ठरले, तेव्हा सर्वांत आधी कपाट आले. विज्ञान त्यानंतर मागवण्यात आले. कपाट सागवानी, भिंतभर. चार आडव्या ओळी, प्रत्येक ओळीत चार, असे सोळा कोनाडे. प्रत्येक कोनाड्यात वरून सोडलेला लहानसा दिवा आणि खाली नाव कोरायला पितळी पट्टी. संस्थेचे अध्यक्ष महिपतीशेठ यांनी ते आपल्या वडिलांच्या, काळुरामशेठ यांच्या, स्मरणार्थ दिले होते. पेणला शेठचा गणेशमूर्तींचा कारखाना आहे. शाळा त्यांनी चौथीत सोडली, आणि तरीही या संस्थेला त्यांनी जेवढे दिले तेवढे तिच्या एकाही पदवीधराने दिलेले नाही. हे आरंभीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या हकिकतीतला माझा राग त्यांच्यावर आहे असा समज कोणी करून घेऊ नये.

कोनाड्यांत काय ठेवायचे हे प्राचार्य दत्तात्रेय खांबेटे यांनी ठरवले. प्राचार्य संस्कृतचे पंडित. न्यायदर्शनातील अभावविचार हा त्यांच्या डॉक्टरेटचा विषय. एखादी गोष्ट 'नसणे' म्हणजे नेमके काय, यावर त्यांनी जाडजूड प्रबंध लिहिला आहे. मुंबईतल्या कुठल्याशा महाविद्यालयात त्यांनी अणूच्या ऑर्बिटलांच्या चार रंगीत प्रतिकृती पाहिल्या होत्या: एक गोळा, एक डंबेल, एक चौपाकळी आणि एक पुष्कळ पाकळ्यांचे फूल. एस, पी, डी, एफ. त्यांनी शेठना सांगितले, आकार चार. शेठनी विचारले, मापे किती? प्राचार्य म्हणाले, पातळ्या पुष्कळ आहेत, पण आपण पहिल्या चार घेऊ. चार आकार, चार मापे, सोळा कोनाडे. हिशेब इतका सुबक जुळला की त्यात सत्याला शिरायला फट उरली नाही.

शेठच्या धंद्याचा तर तो पहिला नियमच आहे. मांडी घातलेला गणपती नऊ इंचांत निघतो तसाच तीन फुटांतही निघतो. उभा निघतो, उंदरावर बसलेला निघतो. गिऱ्हाईक जो आकार दाखवील तो, ज्या मापात मागेल त्या मापात, मिळालाच पाहिजे. अणू हा पेणचा कारखाना नाही, एवढेच त्यांना कोणी सांगितले नव्हते.

अणूतला इलेक्ट्रॉन सूर्याभोवती फिरणाऱ्या ग्रहासारखा फिरत नाही. कोंडलेल्या लाटेसारखा तो काही ठरावीक रूपांतच नांदू शकतो, आणि त्या प्रत्येक रूपाला ऑर्बिटल म्हणतात. त्याचा पत्ता तीन पुंजांकांनी, म्हणजे क्वांटम नंबरांनी, लिहिला जातो. पहिला अंक पातळी सांगतो, दुसरा आकार, तिसरा दिशा. दुसरा अंक शून्यापासून सुरू होतो (गोळ्याचा शून्य, डंबेलाचा एक, चौपाकळीचा दोन, फुलाचा तीन) आणि पहिल्याच्या आतच थांबतो. पहिल्याची बरोबरी त्याला कधीही करता येत नाही. म्हणून पहिल्या पातळीवर फक्त गोळा. दुसरीवर गोळा आणि डंबेल. चौपाकळी तिसरीपासून, फूल चौथीपासून. ही शिफारस नाही, संकेत नाही. अट आहे, आणि तिला विश्वात अपवाद नाही. शेठच्या सोळा कोनाड्यांपैकी दहाच खरे भरतात. नावात आधी पातळी, मग आकार: वन-पी, वन-डी, वन-एफ, टू-डी, टू-एफ, थ्री-एफ या सहा वस्तू दुर्मीळ नाहीत, महाग नाहीत, हरवलेल्या नाहीत. त्या नाहीतच. आणि पेणच्या कारखान्यात त्या तयार होऊन, रंग लागून, वाळत पडल्या होत्या.

हे प्रथम ध्यानात आले नाओमी रोहेकरच्या. नाओमी माझी विद्यार्थिनी, आणि नंतर माझ्याच रसायनशास्त्र विभागात हंगामी अधिव्याख्याता. रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात तिचे घर. वडील एझ्रा सामाजी रोहेकर एका कंपनीत बॉयलरवर होते, आई फ्लोरा. या भागातली बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, घरे एकेक करून इस्रायलला गेली, रोहेकरांचे मागे राहिलेल्या मोजक्यांतले. त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णव साली, एझ्राही निघणार होते. नाओमीला जायचे नव्हते. तिला इथल्या मुलांना, त्यांच्या भाषेत समजावून, रसायनशास्त्र शिकवायचे होते; ही इच्छा मी माझ्या साऱ्या नोकरीत दुसऱ्या कोणाच्याही तोंडून ऐकलेली नाही. आईवडिलांशी तिचा करार साधा होता. दिवाळीपर्यंत नेमणूक कायम झाली तर ती राहील, न झाली तर त्यांच्याबरोबर जाईल. नेमणुकीला शिफारस प्राचार्यांची लागे आणि सही शेठची. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांना दालन समजावून सांगण्याचे काम प्राचार्यांनी तिच्यावरच सोपवले होते, आणि वर म्हणाले होते, "ही तुमची मुलाखतच समजा."

आम्ही दोघे एसटीने पेणला गेलो. गणपती होऊन गेले होते, कारखान्यात सामसूम होती. एरवी पाय ठेवायला जागा नसते तिथे लाद्या दिसत होत्या. साचे करणारा हिरामण मोठ्या अभिमानाने आम्हांला फळीपाशी घेऊन गेला.

"बगा सर, एकाला तडा नाय. ह्यो बारका फूल काडताना मेलो मी. बोटाएवडी पाकळी!"

ते बारके फूल म्हणजे वन-एफ. सहा असत्यांतले सर्वांत नाजूक काम त्याच्यावर झाले होते.

"हिरामणदादा, सुंदर झालीत सगळी," नाओमी म्हणाली. "पण ह्यातली सहा नसतात."

"नसतात म्हंजे? ही काय समोर हायेत."

"ही प्लॅस्टरची. अणूत नसतात."

"अणूत कोण जाऊन बगतंय, बाय? शेठला सांगा, दिवा लावून कोनाड्यात ठेवली की दिसतात का नाय."

ती हसली. कोपऱ्यातल्या घमेल्यातून तिने शाडूचा गोळा घेतला आणि माती कापायची तार मागितली. "प्रत्येक पातळीला काप ठरलेले आहेत. पहिलीला एकही नाही, म्हणून गोळा गोळाच राहतो. दुसरीला एकच. तिसरीला दोन, चौथीला तीन. काप दोन तऱ्हांनी घालता येतो. एक, आतल्या आत गोल, लिंबाच्या सालीसारखा. नाहीतर असा, बरोबर मधून आरपार." तिने तार ओढली, दोन अर्धुके झाली. "हा झाला डंबेल. आता ह्याची चौपाकळी करायची तर?"

"आडवी तार मारायची," हिरामण म्हणाला.

"म्हणजे काप किती?"

"दोन."

"आणि दुसऱ्या पातळीला किती ठरलेत?"

हिरामणने फळीवरच्या टू-डीकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. "च्यायला," तो म्हणाला, "मंग ह्यो चोरीच्या कापाचा की!"

त्याच फळीपाशी नाओमीला ती गोष्ट सुचली जिने हा सारा प्रकार तिथेच संपायला हवा होता. ती हिशेब करत बोलली. चौथ्या पातळीवर गोळा एक. डंबेलाला दिशा तीन, म्हणून डंबेल तीन. डी पाच. एफ सात. एक, तीन, पाच, सात. "सर," ती म्हणाली, "सोळाच होतात."

सोळाच होतात. तिसरा पुंजांक उणे ते अधिक असा सगळा चालवला की चौथ्या पातळीवर बरोबर सोळा ऑर्बिटले निघतात. हा आकडा मी इतकी वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो, त्याची कोनाड्यांशी गाठ तिने घालून दिली. कपाट तेच, दिवे तेच, एकही कोनाडा रिकामा नाही आणि एकही खोटा नाही. हिरामणने विचारले, "डंबेल त्योच, फकस्त फिरवून बसवायचा?" ती हो म्हणाली. डीतला एक तेवढा वेगळा, कमरेला कडे घातलेल्या डंबेलासारखा. एफचे दोन-तीन साचे नवे. "आठ दिस द्या," हिरामण म्हणाला, "शेठनी व्हय म्हणायचा अवकाश."

मी दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांपुढे उभा राहिलो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. शांतपणे ऐकून घेणे ही त्यांची विद्वत्तेची कल्पना आहे.

"कर्णिक, तुम्ही म्हणता ते शास्त्रतः बरोबरच असणार."

"मग शेठना कळवा."

"अहो, सोळाला मीच हो म्हटलंय ना. आता काय सांगू, मला कळलं नव्हतं?"

"कळलं नव्हतंच."

"तुमचा स्वभाव," ते म्हणाले. "बरं, मुलांना काय फरक पडतो? दोन आकार जास्त पाहिले, एवढंच."

"सर, तुमच्याच प्रबंधात आहे. घडा अजून घडलेला नाही, तो प्रागभाव. तो उद्या घडेल. आणि जे तिन्ही काळांत नाही, त्याचा अत्यंताभाव. वन-एफ, टू-डी ह्यांतल्या कशात बसतात?"

प्राचार्य हसले. आपल्या ग्रंथाचा उल्लेख झाला की माणूस हसतोच. "तो ग्रंथातला विषय आहे हो," ते म्हणाले.

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. ज्या देशात नसण्याचे प्रकार करून, त्यांवर शतकानुशतके वाद घालून, एकेका शब्दासाठी रात्री जाळल्या गेल्या, त्या देशाच्या एका पंडिताला ते सारे ज्ञान एका कोनाड्यापुरतेही वापरायचे नव्हते. ग्रंथातले ग्रंथात राहावे, आणि कपाटातले कपाटात. मधल्या जागेत संस्था चालवायची.

म्हणून मी प्राचार्यांना ओलांडून शेठकडे गेलो. पेणला कारखान्याच्या ओटीवर शेठ बसले होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पूर्ण ऐकले, एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही.

"सर, मला त्यातला वं का ठो कळत नाय," ते म्हणाले. "तुमी म्हणता सहा खोटी. प्राचार्यसायेब म्हणतात सगळी बरोबर. दोन मास्तरांत मी चौथी शिकलेला माणूस काय निवाडा करू? सोळा नवीन बनवायला माझी ना नाय. पण कोणाच्या शब्दावर?"

"माझ्या."

"तुमच्या शब्दावर प्राचार्य खोटे पडतात, सर. त्यापरीस असं करू. मुंबईचे मोठे प्रोफेसर येतायत ना उद्घाटनाला? पदार्थविज्ञानाचे? तुमच्यातलेच. ते म्हणतील ते खरं. त्यांनी नाय म्हटलं तर सहाच्या सहा त्यांच्यासमोर खाली काढतो, न् हिरामणला दुसऱ्या दिवशी कामाला लावतो. न् तुमच्या बाईंच्या कागदावर सहीपन तितंच करतो. मंग तर झालं?"

मी परत आलो तो अक्षरशः आनंदात. पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक! पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही हे ठाऊक असते. दुसऱ्या अंकाने पहिल्याची बरोबरी करायची नाही, हे ज्याला माहीत नाही त्याला त्या विषयाच्या वर्गात बसूही देत नाहीत. नाओमीला मी म्हणालो, निर्धास्त बोल.

उद्घाटनाला मंडप होता, सनई होती, शाळाशाळांतून आणलेली मुले रांगेत होती. पाहुणे उंच, पांढऱ्या केसांचे, मृदू बोलणारे. फीत कापून झाली, दिवे लागले, सोळा कोनाडे उजळले. नाओमीने सुरुवात केली. ती सुरेख बोलते. गोळ्यापासून डंबेलापर्यंत तिने पाहुण्यांना आणि त्यांच्यामागे दाटलेल्या मुलांना असे नेले की मागची कुजबूज थांबली. नियम तिने टप्प्याटप्प्याने सांगितला, आणि पहिल्या ओळीतल्या तीन आकृत्यांपाशी न थांबता म्हणाली, "ह्यांच्याबद्दल एकदमच बोलते." मग टू-डीपाशी उभी राहिली.

"आता हा नियम लावून बघा," ती मुलांना म्हणाली. "पहिला अंक दोन. दुसराही दोन. चालेल?"

"नाय!" पुढच्या रांगेतली मुले एका आवाजात म्हणाली.

"बरोबर. म्हणून हे ऑर्बिटल नसतं. ही आकृती आणि अशा आणखी पाच, इथे चुकून आल्या आहेत."

प्राचार्यांचा चेहरा कोरा झाला. शेठ मात्र ठरल्याप्रमाणे पुढे आले. हात जोडून त्यांनी पाहुण्यांना विचारले, "सायेब, बाई म्हणतात ही सहा नसतात. आमाला कळत नाय. तुमी सांगा, काढायची का ठेवायची?"

पाहुण्यांनी कोनाड्याकडे पाहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, आणि त्यांना कळले, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती. मग त्यांनी कपाटाच्या माथ्यावर कोरलेले काळुरामशेठ यांचे नाव वाचले. मग स्वतःच्या खांद्यावरची शाल सारखी केली.

"विज्ञानात 'नाही' हा शब्द फार जपून वापरावा लागतो," ते म्हणाले. "काल जे अशक्य होतं ते आज आपण पाहतो. विज्ञानात अंतिम असं काहीच नसतं. तरुण अध्यापकांनी मन खुलं ठेवावं. संच मोठा देखणा आहे, शेठ. राहू द्या."

टाळ्या पडल्या. ज्या मुलांनी आत्ताच "नाय" म्हटले होते त्यांनीही वाजवल्या. त्यांना शिक्षकांनी खुणा केल्या होत्या.

मी पुढे झालो. "महोदय, एकच विचारतो. पहिला पुंजांक दोन असताना दुसरा दोन होऊ शकतो का? हो की नाही?"

"कर्णिक सर अभ्यासू दिसतात," पाहुणे हसून म्हणाले. "चहाच्या वेळी बोलू आपण."

चहाच्या वेळी ते आपण होऊन माझ्याकडे आले. माझ्या दंडाला हात लावून, आवाज उतरवून म्हणाले, "अहो, टू-डी! बघताक्षणी दचकलो मी. आणि ते वन-एफ! पण समारंभात कशाला कुणाचं मन मोडायचं? वडिलांच्या नावाचं कपाट आहे."

"त्या मुलीचं काय?"

"तरुण आहे. शिकेल हळूहळू."

"शेठ तिथे उभे आहेत. त्यांनी तुमच्यावर निवाडा सोडलाय. जे मला सांगितलंत ते त्यांना सांगा. एक वाक्य."

त्यांनी बशीतले बिस्कीट उचलले, परत ठेवले. "निघायला हवं मला," ते म्हणाले. "वडखळ नाक्यावर फार खोळंबा होतो."

अज्ञानाचा मला कधीच राग आला नाही. अज्ञान ही माझ्या व्यवसायाची भांडवली सामग्री आहे. पण 'विज्ञानात अंतिम असे काही नसते' हे वाक्य ज्यांनी मिळवले, त्यांनी ते सत्तेपुढे ताठ उभे राहून, अंगावर झेलून मिळवले होते. ते वाक्य शालीच्या घडीत ठेवून, चहाच्या आधी, एका कपाटाच्या रक्षणासाठी वापरले गेले. निसर्गाचा एक नियम मोडला असता तर मी कुतूहलाने पाहत राहिलो असतो. इथे नियम शाबूत होता; मोडला होता तो नियम जाणणारा माणूस, आणि त्याला त्याचे काहीच वाटत नव्हते. असा माणूस विद्यापीठांच्या समित्यांवर असतो. परीक्षा तो घेतो. पाठ्यपुस्तके तो तपासतो.

संध्याकाळी शेठनी मला बोलावले. प्राचार्य शेजारीच बसले होते.

"सर, तुमच्याच माणसाने सांगितलं," शेठ म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होते. "माझ्या बापाच्या नावासमोर, शे-दोनशे पोरांत, बाई म्हणाल्या चुकून आलंय. बरं, तेपन जाऊ द्या. बाई हुशार हायेत, मला दिसतंय. सही मी करतो. प्राचार्यसायेबांनी वाट काढलीय."

प्राचार्यांनी काढलेली वाट अशी होती: त्या सहा पितळी पट्ट्यांवर नावाखाली 'शोध अपेक्षित' असे कोरायचे. दर आठवड्याला तालुक्यांतल्या शाळांची मुले दालन पाहायला येणार. नाओमीने त्यांना या सहांविषयी तसेच सांगायचे. तेवढे कबूल असेल तर नेमणूक कायम.

"बघा ना," प्राचार्य मला म्हणाले, "तुमचा आक्षेपही राहिला आणि शेठचा मानही. आणि खरं सांगायचं तर तुमच्या त्या चर्चेतूनच सुचलं मला. प्रागभाव!"

म्हणजे त्यांना सगळे आठवत होते. अत्यंताभावाचा प्रागभाव करून, पितळेवर कोरून, त्यांनी आपला प्रबंध शेवटी उपयोगात आणला होता. मी म्हणालो, मी ह्याला संमती देत नाही. ते म्हणाले, संमती तुमची नको, बाईंची हवी. तुम्ही विभागप्रमुख आहात, तुम्हीच निरोप पोचवा. आणि बाईंचा विचार नसेल तर आपला धनेश आहेच. धनेश हा त्यांचा भाचा. वनस्पतिशास्त्रात पदवी, आवाज चांगला.

मी वरशाला गेलो. तिचा प्रश्न होता; निरोप अडवून ठेवण्याचा अधिकार मला नव्हता. रोहेकरांच्या घरात ट्रंका उघड्या पडल्या होत्या, फ्लोराबाई जमिनीवर बसून तांब्याची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या.

"या, सर, या," एझ्रा म्हणाले. "बसायला हीच एक खुर्ची विकायची राहिलीय. आजवर लोक विचारत, तुमी जाणार कधी? आता विचारतात, अजून हायेत काय?"

मी निरोप सांगितला, एकही शब्द न वगळता. पाहुणे चहाच्या वेळी काय म्हणाले तेही सांगितले. नाओमी भिंतीला टेकून ऐकत होती. 'शोध अपेक्षित' या शब्दांना ती एकदाच, कोरडी, हसली.

"म्हणजे त्यांना माहीत होतं," ती म्हणाली.

"होतं."

एझ्रांनी एका ट्रंकेचे झाकण लावले. मग म्हणाले, "सही कर, बाय."

फ्लोराबाईंनी मान वर केली. "आँ? काल रातभर कुरकुरत होतात, पोरीला घेतल्याबिगर विमानात बसणार नाय म्हणून!"

"न्यायची हायच मला. पण रडत नाय न्यायची. तिला इथंच राहायचंय, राहू दे." मग ते नाओमीकडे वळले. "हे बघ, आपल्यात सुंतेला एलियाहू हनाबीची, त्या प्रेषिताची, खुर्ची मांडतात का नाय? कापड घालून, मानाने. तिच्यावर कोणी बसलेला मी तरी बघितला नाय. म्हणून खुर्ची खोटी झाली काय? तसंच समज. सहा खुर्च्या मांडल्यात म्हण न् पगार घे."

"तसं नाही, पप्पा," नाओमी म्हणाली. ती समोर येऊन खाली बसली. वर्गात एखादा अडला की ती अशीच त्याच्या बाकापाशी बसे. "ती खुर्ची आपण मांडतो, कारण तो येईल असं आपल्याला सांगितलंय. येणाऱ्याची वाट बघण्यात खोटं काही नाही. पण ज्याला येताच येत नाही, त्याची वाट बघायला मी पोरांना बसवू? दर आठवड्याला नवी पोरं? गागोद्याची शाळा एसटीने येणार, त्या कोनाड्यापुढे उभी राहणार, मी सांगणार की हे सापडायचंय. पोरं विश्वास ठेवणार, कारण मी सांगितलं. उद्या त्यातलं एखादं आमच्याच कॉलेजात येईल, पेपरात टू-डी लिहील, आणि कर्णिक सर त्याला शून्य देतील. देणार ना, सर?"

"देणार," मी म्हणालो.

"बघा. शिकवणार मी, आणि शून्य पोराला."

मी म्हणालो, मी विद्यापीठाकडे तक्रार करतो, वर्तमानपत्रात लिहितो, चार महिने थांब. माझा आवाज चढला असावा, कारण फ्लोराबाईंनी हातातले भांडे खाली ठेवले.

"करा, सर," नाओमी म्हणाली. "जरूर करा. पण त्या समितीवरही कोण असेल, तुम्हाला माहीत आहे." मग वडिलांना म्हणाली, "तिकीट तीन काढा."

बाहेर कोकण रेल्वेच्या कामावरचा एक डंपर खडखडत गेला, त्याने खिडकीची काच थरथरली. जे बोलण्यासारखे होते ते वरसे गावात बोलायचे नव्हते, ते मंडपात बोलायला हवे होते, आणि ज्याने बोलायला हवे होते तो एव्हाना वडखळ ओलांडून आपल्या घरी जेवायला बसला असेल.

फ्लोराबाईंनी ट्रंकेत तळाशी ठेवलेली मोठी परात उचलून बाहेर काढली आणि भिंतीशी उभी केली. "ही ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पुस्तकं भर तुझी."

"नको गं आई. परात ने. पुस्तकं तिकडं मिळतात."

"मराठीत मिळतात काय गो?"

नाओमी उठली, आतल्या खोलीत गेली, आणि फळीवरून एकेक पुस्तक उतरवल्याचा आवाज येऊ लागला.